खालच्या दरीत थांबा कुठे आहे?

अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला लागून असलेल्या लिटल कॉटनवुड कॅन्यन या दरीत गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा मार्ग, उभारावा की नाही, हा वाद आता बराच जुना झाला. राज्याच्या परिवहन विभागाने २०१८ मध्ये पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास हाती घेतला, ऑगस्ट २०२२ मध्ये अंतिम अहवाल काढला आणि जुलै २०२३ मध्ये निर्णय जाहीर केला: टप्प्याटप्प्याने जाऊ, पण शेवटी गोंडोलाच. त्यावर खटले दाखल झाले, सभा झाल्या, फलक लागले. वाद मात्र पुढे सरकत नाही, कारण दोन्हीकडून तो भलत्याच मुद्द्यावर घातला जातो. समर्थक म्हणतात, मूठभर प्रस्तरारोहक (कातळ चढणारे) बांधकामात जाणाऱ्या चार धोंड्यांपायी हजारो लोकांची सोय अडवून बसलेत. विरोधक म्हणतात, हा दोन स्की रिसॉर्टच्या तुंबड्या भरायचा डाव आहे. एकाने दुसऱ्याला हट्टी ठरवायचं आणि दुसऱ्याने पहिल्याला विकलेला. त्यात मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. ही दरी लोक नेमकी कशासाठी वापरतात, आणि तो वापर मोजायची पट्टी कुणी ठरवली?

माझं मत आधीच सांगतो. गोंडोला उभारू नये, आणि त्याला पर्याय म्हणून रस्ताही रुंद करू नये. बस, टोल, पार्किंगवरचे निर्बंध असे जे उपाय उद्या चुकीचे ठरले तर मागे घेता येतात, ते आधी पूर्ण ताकदीने राबवावेत. एकदोन हंगाम नव्हे, निदान दहा हिवाळे. आणि ती बस खालच्या दरीतही, म्हणजे रिसॉर्टांच्या अलीकडेही, थांबावी. मी स्वतः दोर लावून चढणारा माणूस आहे, हे लपवत नाही. पण चढणाऱ्यांचा खास हक्क म्हणून हे मागत नाही. दरीत जाणं म्हणजे दरीच्या वरच्या टोकाला पोचणं, ही जी समजूत सगळ्या आराखड्याच्या मुळाशी आहे तीच मला चुकीची वाटते, आणि चढणाऱ्यांची अडचण हे त्या चुकीचं फक्त सगळ्यात ठळक उदाहरण आहे.

आराखडा काय आहे ते बघा. दरीच्या तोंडाशी तळस्थानक आणि सुमारे २५०० गाड्यांचं पार्किंग. तिथून जवळपास ८ मैलांचा, म्हणजे साधारण १३ किलोमीटरचा तारमार्ग. २२ मनोरे, त्यातले काही २०० फुटांहून उंच. दर दोन मिनिटांनी ३५ माणसांचा एक पाळणा, म्हणजे एका दिशेने तासाला हजारेक माणसं. खर्चाचा अंदाज अंतिम अहवालात ५५ कोटी डॉलर होता, वर्षभरात तो ७२.९ कोटींवर गेला. आणि एवढ्या सगळ्या मार्गावर उतरायच्या जागा दोन: स्नोबर्ड आणि आल्टा. दोन्ही स्की रिसॉर्ट. वाटेत टॅनर्स फ्लॅटला तार वळवण्यासाठी एक स्थानक बांधावं लागणार आहे, पण तिथेही प्रवाशाला चढता-उतरता येणार नाही. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक जमिनीवर बांधलेली वाहतूक, आणि ती सार्वजनिक जमिनीवर कुठेच थांबत नाही! रिसॉर्टला जायचं नसेल, तर त्या पाळण्याचा तुम्हाला काय उपयोग?

ज्यांनी ही दरी फक्त गाडीच्या काचेतून पाहिली आहे त्यांना खाली थांबण्यासारखं आहे तरी काय, असा प्रश्न पडेल. ही हिमनदीने कोरलेली दरी आहे. हिमयुगात बर्फ थेट दरीच्या तोंडापर्यंत उतरलेला होता. तो विरघळला तेव्हा दोन्ही अंगांना उभे कातळ उरले आणि कड्यांवरून सुटलेले प्रचंड धोंडे तळाशी येऊन पडले. दगड सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला, पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा. भूशास्त्रात तो क्वार्ट्झ मॉन्झोनाइट, चढणाऱ्यांच्या तोंडी सरळ ग्रॅनाइट. दरी पूर्व-पश्चिम पसरलेली असल्यामुळे उत्तरेकडची भिंत ऊन खाते आणि दक्षिणेकडची हिवाळाभर सावलीत राहते. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एखाद्या स्वच्छ दुपारी गेट बट्रेस या कड्याच्या उन्हातल्या स्लॅबवर, म्हणजे तिरप्या सपाट कातळावर, माणसं पातळ शर्टात, बोटांना खडूची पूड लावून चढत असतात, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडे ग्रेट व्हाइट आयसिकलच्या गोठलेल्या ओघळावर दुसरी माणसं बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनची टोकं रोवत, बर्फात आइस स्क्रू फिरवत, दोराच्या एकेका लांबीने वर सरकत असतात. मधे फक्त रस्ता आणि ओढा. कातळ आणि बर्फ दोन्ही एकाच दिवशी, तेही अकरा लाखांहून जास्त वस्तीच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कुशीत, गाडीने अर्ध्या तासावर. अशी जागा शोधून सापडत नाही.

इथल्या स्लॅबवर हाताला धरायला बहुतेक काही नसतं. बुटाचा रबरी तळ दगडाच्या खरखरीत दाण्यांवर सपाट टेकवायचा, टाच खाली सोडायची, कंबर दगडापासून लांब ठेवायची आणि घर्षणावर भरवसा टाकून दुसरा पाय उचलायचा. घाबरून अंग दगडाला चिकटवलं की पाय सुटलाच. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो. एकदा पटलं की मग तो ऊन कुठून येतं, दगड किती तापलाय, काल रात्री दव पडलं होतं का, हे सगळं बघायला लागतो. जागा ओळखणं म्हणतात ते हेच.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. हा रस्ता खरोखरच धोक्याचा आहे. त्यावर हिमस्खलनाचे ६४ मार्ग येऊन उतरतात. २०२२–२३ च्या हिवाळ्यात आल्टाला ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर हिम पडलं. त्या हंगामात रस्ता पुनःपुन्हा बंद झाला आणि वर असलेल्यांना इमारतीबाहेर पाऊल टाकायलाही बंदी होती. हिमवर्षावानंतरच्या सकाळी दरीच्या तोंडाशी मैलोन्‌मैल गाड्या खोळंबतात, आणि त्या रांगेच्या डोक्यावर हिमाने लादलेले उतार असतात. जमिनीला न टेकता, स्खलनाच्या मार्गांवरून तरंगत जाणारा पाळणा हे याला उत्तर आहे, असं कुणी म्हणालं तर त्यात काही वेडेपणा नाही. या रांगेत अडकलेल्या माणसाला 'निसर्गसौंदर्य बिघडेल' एवढंच सांगणं हा त्याच्या जिवाच्या काळजीचा अपमान आहे, आणि विरोधकांपैकी बरेच जण तो करतात.

पण हा मुद्दा जरा पुढे न्या. तोफा किंवा स्फोटकं वापरून वरचं हिम पाडायचं काम चालू असताना खालून भरलेले पाळणे जाऊ देता येतील का? नाही, तेवढा वेळ ते थांबवावेच लागतील. सोसाट्याचा वारा सुटला तरी थांबवावे लागतील. म्हणजे ज्या वादळी सकाळी त्यांची सर्वात जास्त गरज, नेमका त्याच सकाळी त्यांचाही खोळंबा होणार. दुसरी गोष्ट, गोंडोला आला म्हणून रस्ता संपत नाही. आल्टात माणसं राहतात, हॉटेलांना माल लागतो, रुग्णवाहिका लागते. हिम पाडून रस्ता मोकळा करायचं काम जसं आज चालतं तसंच उद्याही चालणार. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. याच आराखड्याच्या आधीच्या टप्प्यात, स्खलनाचे मार्ग जिथे रस्त्यावर उतरतात तिथे रस्त्यावर पक्की छतं घालायची योजना आहे. हिम छतावरून घसरून पलीकडे जाईल, गाड्या खालून जात राहतील. ही छतं झाली की त्याच रस्त्यावरून बस जाऊ शकते. मग हिमस्खलनाच्या नावाने मनोरे उभे करायचं कारण किती उरलं?

दुसरा मुद्दा धुराचा. हिवाळ्यात सॉल्ट लेक खोऱ्यावर थंड हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. विजेवर चालणारा पाळणा हजारो गाड्यांपेक्षा बरा, हे मान्य करायला हवं. पण पाळण्यापर्यंत लोक पोचणार कसे? तळस्थानकाचं अडीच हजार गाड्यांचं पार्किंगच त्याचं उत्तर देतं. गाडी शहरातून दरीच्या तोंडापर्यंत येणारच, म्हणजे ज्या खोऱ्यात धूर साचतो त्याच खोऱ्यात ती धावणार. दरीतली वाहनसंख्या ३० टक्क्यांच्या आसपास खाली आणायची, एवढंच तर उद्दिष्ट आहे. एवढी घट टोल आणि बसनेही साधते, आणि बस शहरातल्या थांब्यावरून निघाली तर खोऱ्यातली गाडीही वाचते.

'पण बस चालवून पाहिली की!' हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकतो. २०२२–२३ च्या हिवाळ्यात चालक मिळेनात म्हणून स्कीसाठीच्या बसफेऱ्या कमी कराव्या लागल्या. ज्या फेऱ्या होत्या त्या मोटारींच्याच रांगेत अडकून पडल्या. लोकांनी बसकडे पाठ फिरवली यात लोकांची काय चूक? खरं आहे. मात्र यातून सिद्ध काय होतं? अर्धवट चालवलेली बस अपुरी पडते, एवढंच. चालकांचे पगार वाढवायला, बस दर काही मिनिटांनी सोडायला, आणि गर्दीच्या सकाळी खासगी मोटारींवर एवढा टोल लावायला की बसला रस्ता मोकळा मिळेल, यांपैकी कशाला ७२.९ कोटी डॉलर लागतात? आणि हे कुठल्या दूरदेशी पाहायला जायला नको. याच राज्याच्या दक्षिणेला झायन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथेही अरुंद दरी, एकच रस्ता, आणि मोटारींची अशी गर्दी की झाडांच्या मुळांपर्यंत माती तुडवली गेली होती. २००० साली उद्यानाने हंगामात खासगी मोटारी बंद केल्या आणि शटल बस सुरू केली. आज ती बस थांब्याथांब्यावर थांबते. आजी-आजोबाही त्याच बसमधून जातात, आणि बिग बेंडच्या थांब्यावर दोरांची बोचकी घेऊन उंच भिंतींवर जाणारेही त्याच बसमधून उतरतात. आधी कुरकुर झालीच असेल. आता तिथे मोटारी परत आणा म्हणून कोण मागणी करतं? अडचण आली तर झायनच्या बसचा मार्ग बदलता येतो, थांबा हलवता येतो, फेऱ्या वाढवता-घटवता येतात. मनोरा हलवता येत नाही.

आता प्रस्तरारोहकांवरच्या आरोपांकडे वळतो, कारण तिथे आमच्या बाजूने फार ढोंग चालतं. चढणारेही मोटारीनेच येतात आणि रस्त्याच्या कडेला वाट्टेल तशा गाड्या लावतात. त्यांच्या खडूचे पांढरे डाग दगडावर महिनोन्‌महिने दिसतात, त्यांच्या पायवाटांनी उतारावरची माती सुटते, आणि कातळात दोर अडकवायचे बोल्ट त्यांनीच ठोकले आहेत. ज्या बोल्डरांसाठी, म्हणजे दोराविना चढायच्या सुट्या धोंड्यांसाठी, ते गळा काढतात त्यातले पुष्कळसे रस्ता आहे म्हणूनच हाताशी आहेत. शिवाय ही दरी माणसाचा हात न लागलेली कधीच नव्हती. सॉल्ट लेकचं मॉर्मन मंदिर १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं बांधलं जात होतं, त्याचा दगड याच दरीच्या तोंडाशी फोडला. आजही काही धोंड्यांच्या कडेला एका ओळीत अर्ध्या नळ्या कोरल्यासारख्या दिसतात: पहारीने भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकत जायचं, आणि धोंडा त्या ओळीवर उकलेपर्यंत घण घालत राहायचं. ते काम करणाऱ्यांनी बोल्डरिंगवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त धोंडे संपवले. मग 'पवित्र, अस्पर्श निसर्ग' म्हणून आज छाती पिटायचं कशाला?

हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच अस्पर्शपणाचा दावा मी करत नाही. माझा दावा वेगळा आहे. माणसाने एखाद्या जागेशी हाताने-पायाने नातं जोडलं असेल, तर त्या नात्याचाही इतिहास असतो आणि तो सार्वजनिक हिशेबात धरायला हवा. कॅलिफोर्नियात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्प ४ या तंबूतळाचं काय झालं आठवून बघा. १९९७ च्या पुरानंतर त्या तळाशेजारी कर्मचाऱ्यांची घरं बांधायचा बेत झाला. वरवर पाहता तिथे होतं काय? धूळ, तंबू, चार धोंडे. पण जुन्या चढणाऱ्यांनी कोर्टाची पायरी चढून आणि कागदपत्रं मांडून दाखवलं की आधुनिक प्रस्तरारोहण ज्या थोड्या जागांवर घडलं त्यांतली ही एक आहे. २००३ मध्ये त्या तळाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. तोपर्यंत आपल्या हाताखाली काय आहे हे उद्यान चालवणाऱ्यांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

लिटल कॉटनवुडचंही तसंच आहे. १९६० च्या आसपास अल्पेनबॉक या चढाई क्लबच्या पोरांनी इथल्या स्लॅबवर आणि भेगांत वाटा काढल्या. त्यांतला टेड विल्सन पुढे १९७६ ते १९८५ सॉल्ट लेक सिटीचा महापौर झाला. त्यांतल्याच रिक रीसने यलोस्टोनच्या परिसरासाठी संघटना उभी केली आणि वॉसॅच डोंगररांगेच्या पायथ्याने जाणाऱ्या बॉनव्हिल शोअरलाइन ट्रेलची कल्पना पुढे रेटली, ज्या वाटेवर आज खोऱ्यातली सगळी वयं चालतात. १९६७ मध्ये वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन शिखराच्या उत्तर भिंतीवरच्या एका अवघड बचावकार्यातही हे दोघे होते. टेड विल्सनची मुलगी जेनी विल्सन काउंटीची महापौर म्हणून गोंडोलाच्या उघड विरोधात उभी राहिली. हे योगायोग मला वाटत नाहीत. २०१७ मध्ये मॉर्मन चर्चच्या मालकीच्या गेट बट्रेसच्या जमिनीसाठी स्थानिक प्रस्तरारोहक संघटनेने रीतसर करार केला. चर्चला हवी ती शांतता, चढणाऱ्यांना हवा तो प्रवेश, आणि पायवाटांची डागडुजी संघटनेच्या माथी. ज्या जमिनीवर माणसं थांबतात, पडतात, परत येतात, तिची जबाबदारी ती घेतात. पाळण्यातून वरून गेलेला माणूस ती जबाबदारी कुठून घेणार? त्याला खालचा धोंडा आणि त्यामागची घळ दिसलेलीच नसते. यात त्याचा दोष नाही. त्याला थांबताच येणार नाही अशी व्यवस्था आपण करतो आहोत.

'मग दुसरीकडे चढा, डोंगर काय कमी आहेत?' असंही म्हणतात. शेजारची बिग कॉटनवुड दरी क्वार्ट्झाइटची आहे. तो दगड गुळगुळीत, कडाकडांचा, चढायची रीतच निराळी. बर्फाचं तर आणखी नाजूक आहे, कारण सावली, पाझर आणि थंडी तिन्ही जुळल्याशिवाय ओघळ धरत नाही, आणि हिवाळे उबदार होत चालले तशी ती जुळणी दुर्मीळ होणार. स्की करणाऱ्याला कुणी म्हणतं का, की हिम काय, शेजारच्या आयडाहो राज्यातही पडतं?

मराठी वाचकाच्या मनात इथे रायगड येईल, आणि यायलाच हवा. १९९६ पासून तिथे रोपवे आहे. तो होण्याआधी ज्यांना गड चढणं शक्य नव्हतं ते म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या बाया आज सदरेवर जाऊन उभ्या राहतात. त्याला मी नावं ठेवणार नाही. तारेवरचा पाळणा ही गोष्टच वाईट, असं म्हणणारे विरोधक मला म्हणूनच पटत नाहीत. फरक कुठे आहे? रायगडाचा पाळणा माणसाला त्या जागेवरच नेतो जी बघायला तो आला आहे, आणि ती जागा सगळ्यांची आहे. शिवाय चालणाऱ्यांसाठी पायऱ्यांची वाट तशीच राहिली आहे. लिटल कॉटनवुडचा पाळणा माणसाला दरीवरून उचलून तिकीट काढून आत जायच्या जागी नेऊन सोडतो. आणि सोबतच्या पार्किंगच्या योजनेत ट्रेलहेडजवळ (पायवाटा सुरू होतात तिथे) रस्त्याकडेला गाडी लावायलाही मनाई होणार आहे. ही मनाई मला तत्त्वतः मान्यच आहे. पण गाडी लावू द्यायची नाही आणि बसही थांबवायची नाही, तर खालच्या दरीत जायचं तरी कसं? अपंगांचा, वृद्धांचा विचार करायचा असेल तर ओढ्याकाठी, झाडाखाली, उतरायला सोपा असा बसचा थांबा त्यांना जास्त उपयोगी पडेल की स्की रिसॉर्टचा फलाट?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की रस्ता रुंद करून बसला वेगळी मार्गिका देण्याचा जो दुसरा पर्याय अभ्यासात होता, त्यात बोल्डरांचा नाश गोंडोलापेक्षाही जास्त झाला असता. कित्येक धोंडे सरळ सुरुंगाने उडवावे लागले असते. गोंडोलाला विरोध करताना 'त्यापेक्षा रस्ता रुंद करा' म्हणणाऱ्यांनी हे बघितलेलं नाही. गर्दीचे दिवस वर्षातले मोजके, हिवाळ्यातले शनिवार-रविवार आणि हिम पडल्यानंतरच्या सकाळी. त्या मोजक्या सकाळींसाठी बाराही महिन्यांची दरी कायमची बदलायची, हे दोन्ही पर्यायांचं समान दुखणं आहे. आहे त्या रुंदीत मोटारी कमी करणं हाच तिसरा मार्ग उरतो, आणि त्याची किंमत चढणाऱ्यांनीही मोजली पाहिजे. टोल आम्हीही भरू. क्रॅशपॅड (पडल्यावर झेलणारी जाड गादी) पाठीवर घेऊन बसमध्ये उभं राहावं लागलं तर राहू. 'आमची गाडी चालेल, त्यांची नको' असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

लोक ऐकणार नाहीत, अमेरिकन माणूस मोटार सोडणार नाही, अशी शंका घेतली जाते. पण याच दरीत लोकांनी त्याहून अवघड गोष्ट मुकाट्याने मान्य केली आहे. ओढ्याचं पाणी शहराला प्यायला जातं म्हणून लिटल कॉटनवुडमध्ये कुत्रं आणायला बंदी आहे, दोरीला बांधूनसुद्धा नाही. ओढ्यात पोहायलाही बंदी आहे. कुत्र्यावर जीव टाकणाऱ्या या शहरात हा नियम पाळला जातो, कारण त्यामागचं कारण लोकांना कळतं. जे शहर कुत्र्याला दरीबाहेर थांबवू शकतं, ते गर्दीच्या सकाळी मोटारीला का थांबवू शकत नाही?

हेच हेच्‌हेचीच्या वादात घडलं होतं: गरज खरी होती, पण सुचवलेला उपाय वादाचा. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या त्या दरीत धरण बांधायचं होतं. १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं, आणि ती गरज शंभर टक्के खरी होती. निसर्गरक्षणासाठी झटणारा जॉन म्यूर आणि त्याचे सहकारी म्हणत होते की पाण्यासाठी दुसऱ्या जागा आहेत, योसेमिटीच्या जोडीची ही दरीच कशाला? त्यांना तेव्हा गरज न कळणारे स्वप्नाळू ठरवलं गेलं. १९१३ मध्ये कायदा झाला, १९२३ मध्ये धरण उभं राहिलं, दरी पाण्याखाली गेली. आज शंभर वर्षांनंतरही ते धरण काढायच्या मागण्या होतात आणि दर वेळी खर्च बघून बारगळतात. गरज खरी असली म्हणजे सुचवलेला उपायही आपोआप योग्य ठरत नाही, आणि अपरिवर्तनीय उपायाला तर पुराव्याचं ओझं जास्त वाहावं लागलं पाहिजे. गोंडोलाच्या बाजूने तो पुरावा अजून आलेला नाही, कारण स्वस्त आणि परत घेण्याजोगे उपाय कुणी पूर्णपणे करून बघितलेलेच नाहीत.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. स्की म्हणजे राज्याची तिजोरी, असं सांगतात. खरंच ती मोठी आहे. पण कॅलिफोर्नियात जन्मलेली, चढाईची साधनं बनवणारी ब्लॅक डायमंड कंपनी १९९१ मध्ये आपलं बिऱ्हाड सॉल्ट लेकला घेऊन आली, कारण कारखान्यातून निघून संध्याकाळी कातळावर आणि बर्फावर जाता येतं. देशाच्या क्लाइंबिंग संघटनेनेही आपलं मुख्यालय २०१८ मध्ये इथेच हलवलं. हे सगळं खालच्या दरीच्या जिवावर आलं आहे. त्याचा आकडा आराखड्यात मला कुठे दिसत नाही.

येत्या काही वर्षांत घाईसाठी एक नवं निमित्त मिळणार आहे. २०३४ चं हिवाळी ऑलिंपिक यूटाला मिळालं आहे. जगापुढे शोभायला हवं, पाहुण्यांची सोय व्हायला हवी, आता तरी मनोरे उभे करा, असा सूर निघेल. तेव्हा २००२ आठवावं. त्या वर्षी ऑलिंपिक याच शहरात झालं. उतारावरच्या शर्यती स्नोबेसिनला, पार्क सिटीला आणि डिअर व्हॅलीला झाल्या. पाणलोटाचं रक्षण व्हावं म्हणून दोन्ही कॉटनवुड दऱ्या आयोजकांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. तोवर पहिल्या टप्प्यातली बस रस्त्यावर आणता येईल. गेट बट्रेसला एक थांबा आणि ग्रेट व्हाइट आयसिकलच्या वाटेला एक, असे दोन थांबे वेळापत्रकात घालायला ना कुठला कायदा बदलावा लागतो, ना एकही धोंडा हलवावा लागतो.